खुर्ची आत ढकला, साहेब येतायत!

मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. मित्रांनो, तुम्हांला 'मित्रांनो' म्हणते ते आपलं म्हणायची पद्धत आहे म्हणून. नाहीतर बसणाऱ्यांशी खुर्चीची मैत्री कसली डोंबलाची! जन्मभर मी माणसांची ओझी वाहिली. माणूस समोरून बरा दिसतो. मी त्याला मागून आणि खालून ओळखते, त्यामुळे मला त्याचं फारसं कौतुक उरलेलं नाही.

माझा जन्म बेंगळूरजवळ होसकोट्याच्या एका कारखान्यात झाला. जाळीची पाठ, वरखाली होणारे हात, पाच चाकं. खालचा दांडा दाबला की मी अलगद खाली जायचे. तपासनीसाने माझ्यावर बसून एक गिरकी घेतली आणि माझ्या पाठीवर 'पास'ची चिकटपट्टी लावली. त्या चिकटपट्टीचा मला पुढे बरीच वर्षं तोरा होता.

तिथून मी बेळ्ळंदूरच्या एका काचेच्या इमारतीत गेले. माझ्यावर सुहास नावाचा साहेब बसायचा. नागपूरहून आलेला, गोरागोमटा, दिवसभर पाय हलवणारा. कुणी काही अडचण सांगितली की "मी बघतो ना" म्हणायचा आणि मग काही म्हणजे काही बघायचा नाही. संध्याकाळी मात्र पाठ दुखते म्हणून कण्हायचा. घ्या! दिवसभर पाठ टेकायला मी, आणि दुखायची ह्याची. पुढे सगळेजण घरी बसून काम करायला लागले. आम्ही खुर्च्या अंधारात धूळ खात पडलो. शेवटी कंपनीने आम्हांला एका टेम्पोत कोंबून यशवंतपूरच्या भंगारवाल्याकडे पाठवलं. सुहास निरोपाला आला नाही. येईल अशी माझी अपेक्षाही नव्हती.

भंगाराच्या दुकानातून मला पद्मावतीने उचललं. राजाजीनगरात तळमजल्यावर तिचं दोन खोल्यांचं घर. ही बेंगळूरची जुनी मराठी मंडळी. घरात मराठी, दारात कन्नड, आणि मध्येच कुठेतरी दोन्हींची खिचडी. तिचा नवरा कृष्णाजी. नगरतपेठेत त्यांचं बटणं आणि लेस विकायचं दुकान होतं. एकदा वरच्या फळीवरचा खोका काढताना कृष्णाजी स्टुलावरून पडले आणि मानेला मार बसला. तेव्हापासून पाय गेले, हातही नावालाच उरले. डोकं आणि जीभ तेवढी शाबूत राहिली. जीभ तर जरा जास्तच.

घरात एक खरी व्हीलचेअर होती, कुठल्याशा मंडळाने समारंभ करून, फोटो काढून दिलेली. ती न्हाणीघराच्या दारातून आत जात नव्हती. देणाऱ्यांनी फोटो मोजला, दार मोजलं नाही. मी मात्र अरुंद, कुठूनही जाते. पद्मावतीने मला पाय ठेवायला फळी ठोकून घेतली, पोटावरून बांधायला पट्टा लावून घेतला. खरं सांगते, मी तेव्हा नाक मुरडलं होतं. कुठे ते बेळ्ळंदूर आणि कुठे हे साबणाचं पाणी, तेलाचे हात आणि औषधांचा वास! वाटलं, आपला कडेलोट झाला.

मग मी तिची सकाळ बघितली. ती कमरेला जुन्या साडीची पट्टी करकचून बांधायची. माझ्या चाकामागे डावा पाय लावायची, कारण माझं चाक घसरतं. कृष्णाजींच्या काखेत हात घालायची आणि म्हणायची, "हं, आता." तेवढंच. आणि तो उंचापुरा माणूस पलंगावरून माझ्यावर यायचा. मग न्हाणीघर, मग परत पलंग, मग जेवायला माझ्यावर, मग कूस बदलायची, परत परत बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. डॉक्टरने तिला बजावलं होतं, "अम्मा, तुमच्या कण्यातल्या चकत्या सरकल्यात. असंच उचलत राहिलात तर तुम्हीही आडव्या व्हाल." ती "सरी सरी", म्हणजे बरं बरं, म्हणून घरी आली आणि आल्या आल्या तिने नवऱ्याला उचललं. सुहासची पाठदुखी आठवून मला हसू आलं, आणि त्या हसण्याची लाजही वाटली.

गल्लीच्या टोकाला मल्लाप्पा राहायचा. इस्पितळात वॉर्डबॉय होता, आता निवृत्त. तो सकाळी येऊन उचलायला, आंघोळ घालायला तयार होता, पण फुकट कसा येणार बिचारा? कृष्णाजींना अपंगत्वाची सरकारी पेन्शन होती. कागदोपत्री त्यांना दिव्यांग म्हणतात. नाव गोड केलं की माणूस उचलायला हलका होतो, असं कुणाला वाटत असावं. ती पेन्शन औषधांत आणि डायपरांत संपायची. मल्लाप्पासाठी काही उरायचं नाही.

वरच्या मजल्यावर शाल्मली राहायला आली. पुण्याची, आयटीतली. हा नमुना मला नवा नव्हता. कानात बोळे घालून स्वतःशी बोलत जिना उतरणारी. पण एक दिवस तिने पद्मावतीला मला जिन्यापाशी ढकलताना पाहिलं आणि कानातले बोळे काढले.

"काकू, तुम्हांला माहितीये का, सांभाळणाऱ्याला वेगळा अलाउन्स असतो? मी सरकारी ऑफिसात जाऊन विचारलंय. काकांचं पेन्शन काकांचं. हे केअरगिव्हरचं, म्हणजे तुमचं. दोन्ही घेता येतं. अप्लाय करूया ना प्लीज."

पद्मावती म्हणाली, "माझं? मी काय केलंय?"

मित्रांनो, ह्या प्रश्नावर मी काय बोलू? मला तोंड नाही ते बरं आहे.

रविवारी किरणकुमार आला. हा कृष्णाजींचा धाकटा भाऊ, आता दुकान हाच बघतो. जयनगरात राहतो. दर रविवारी यायचा, वहिनीच्या हातचं पोटभर जेवायचा, माझ्या पाठीवर कोपर टेकून उभा राहायचा आणि सल्ले द्यायचा. माझ्या पाठीवर त्याच्या कोपराचा डाग आहे. ढकलल्याची खूण मात्र शोधूनही सापडणार नाही.

"काय वहिनी, हे काय ऐकतोय? नवऱ्याला आंघोळ घालायचे सरकारकडून पैसे घेणार? पेठेत मला तोंड दाखवायला जागा राहील का?"

त्याचं तोंड! सगळी काळजी ते पेठेत दाखवायची. भावाला ते आठवड्यातून एकदा जेवणापुरतं दाखवलं की झालं.

"आणि दोन्ही हातांनी घ्यायला जाल, तर आहे तेही जाईल. उद्या अण्णाची पेन्शनच बंद केली तर? स्वल्प असली तरी आहे ना ती?"

शाल्मलीने सगळं विचारून आणलं होतं, पण हा कशाला ऐकतोय? ज्याला काहीच माहीत नसतं तोच असा ठासून बोलतो. कृष्णाजी तेव्हा माझ्यावरच बसलेले होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस बायकोच्या बाजूने बोलेल. ते म्हणाले, "किरण म्हणतोय ते खरं आहे. बायकोला पगारावर ठेवलंय असं दिसेल ते." माझ्या अंगात बळ असतं तर त्या क्षणी मी त्यांना पट्ट्यासकट सांडलं असतं! पद्मावती एक हात माझ्या पाठीवर टेकून उठली आणि कॉफी करायला गेली.

पुढच्याच आठवड्यात न्हाणीघरात तिचा पाय सरकला. पडले नाहीत दोघं, भिंतीने सावरलं. पण ती बराच वेळ भिंतीला टेकून उभी राहिली, आणि मग ओल्याच साडीने वर शाल्मलीकडे गेली. अर्ज झाला. नवऱ्याला तिने नंतर सांगितलं. ते घुश्श्यात दोन वेळा जेवले नाहीत. भरवणारी तीच, त्यामुळे तो राग तरी कुणाला दाखवला, देव जाणे.

आता पाहणीला सरकारी कचेरीतले साहेब घरी येणार होते. हे कळल्यावर किरणकुमारचा सूरच पालटला. "अर्ज केलाय तर केलाय. पण बाहेरचा माणूस घरात येणार. घराची अब्रू दिसली पाहिजे, वहिनी." आणि इथे ह्या तिघांनी अशी काही माती खाल्ली, की तसली अक्कल फक्त ह्याच घराला सुचावी. घरात कुणी बघायला येणार म्हणजे काय करायचं, हे ह्यांना एकच ठाऊक. मुलगी बघायला येतात तेव्हाची तयारी! फरशी पुसली. सोफ्यावर नवी चादर आली. चांदीचं तबक निघालं. उप्पीट झालं, केसरीबात, म्हणजे केशरी शिरा, झाला, वर काजू लागले. कृष्णाजींची दाढी करून त्यांना रेशमी सदरा चढवला, सोफ्यावर बसवलं, दोन्ही बाजूंना उशा ठासल्या आणि वरून शाल पांघरली. पद्मावतीने केसांत मोगरा माळला. कमरेची पट्टी सोडून ठेवली, कारण चांगल्या साडीवर ती दिसली असती.

आणि किरणकुमार ओरडला, "ही भंगार खुर्ची आत ढकला, साहेब येतायत!"

मला मागच्या युटिलिटीत कोंबलं. एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसरीकडे बादल्या, वर ओली धुणी. माझ्यावर एक टॉवेल टपटप गळत होता. दार अर्धवट उघडं राहिलं, म्हणून सगळं ऐकू आलं आणि थोडं दिसलंही.

साहेबांचं नाव महांतेश. निपाणीकडचे, मराठी छान बोलायचे. त्यांनी नमस्कार केला. कृष्णाजींचे हात काही जोडले जाईनात. किरणकुमार चटकन म्हणाला, "अण्णाला स्वल्प थंडी वाजतेय." बाहेर चांगलं ऊन होतं. महांतेशांनी केसरीबात खाल्ला, कॉफी घेतली, घर बघितलं.

"छान ठेवलंय हो सगळं, अक्का. रोज काय काय करावं लागतं ह्यांचं?"

आणि पद्मावती, ती माझी पद्मावती, पदर सारखा करत हसून म्हणाली, "छे हो, ह्यांचं काही नसतं. मला काही त्रास नाही." तिला लहानपणापासून हेच शिकवलेलं. पाहुण्यांपुढे दुखणं काढायचं नाही. किरणकुमारने वर री ओढली, "आमचा अण्णा म्हणजे एकदम फर्स्ट क्लास!"

महांतेश बुचकळ्यात पडले. "मग सांभाळायला माणूस कशाला पाहिजे? मला दिसतं ते लिहावं लागतं, अक्का. असं असेल तर पेन्शनचंही परत बघायला सांगतील मला."

खोटं बोलायला तिघं होते, खरं बोलायला एकही नाही! साहेब गेले. त्यांच्या मागोमाग किरणकुमारही "दुकान उघडायचंय" म्हणत सटकला. भावाला सोफ्यावरून उठवून जागेवर ठेवून जावं, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

पद्मावती मला न्यायला धावत आली. बादल्या सरकवायला लागली. तेवढ्यात पुढच्या खोलीत उशी घसरली आणि कृष्णाजी कलंडायला लागले. ती तशीच मागे पळाली, त्यांना धरलं, आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की मी तसा कधी ऐकला नव्हता. दोघंही जमिनीवर आले. तिला उठता येईना. त्यांना तर येणारच नव्हतं. शाल्मली कामावर, फोन टेबलावर, आणि मी बादल्यांच्या मागे. कुणी ढकलल्याशिवाय मी हलत नाही. आयुष्यभर मी माणसांना नावं ठेवली, पण त्या दुपारी मला माझीच चीड आली.

मग कृष्णाजींचा आवाज आला. "पद्मा, फार लागलं का गं?"

"नाही हो. काही नाही. मला काही त्रास नाही."

"पद्मा," ते म्हणाले, "आता इथे कोण पाहुणा आहे?"

मग ती रडली. हुंदके देऊन, लहान मुलासारखी. "होतो हो मला त्रास. रोज होतो. सकाळी जाग आली की तुम्हांला उचलायचंय हे आठवतं आणि उठूच नये असं वाटतं. मला नीट झोपता येत नाही, वाकता येत नाही. मी आडवी झाले तर तुमचं कोण करेल, ह्या भीतीने मी आजारीसुद्धा पडत नाही. मला वर्षानुवर्षं कुणी एकदाही 'बस' म्हणालेलं नाही."

कृष्णाजी मग म्हणाले, "मला कळत होतं. तू नाही म्हणायचीस, मग मला बरं वाटायचं. म्हणून मी विचारायचो."

संध्याकाळी शाल्मली आली, तोवर दोघं तिथेच पडून होती. तिने मल्लाप्पाला हाक मारून आणलं आणि दोघांना उठवलं. दुसऱ्या दिवशी ती कामाला दांडी मारून त्या सरकारी कचेरीत गेली आणि घर पुन्हा बघायला या, असं महांतेशांच्या मागेच लागली. पुण्याच्या माणसाचा हट्टीपणा मला सहसा आवडत नाही. त्या दिवशी आवडला.

साहेब परत येणार त्या सकाळी किरणकुमारही हजर झाला. आला तो थेट माझ्यापाशी. "वहिनी, ही खुर्ची अजून इथेच? आत ढकला!"

पद्मावती घरातल्या साध्या साडीत होती, कमरेला पट्टी बांधलेली. म्हणाली, "भावजी, खुर्ची हलणार नाही. हलवायचंच असेल तर तुमच्या अण्णांना हलवा. पलंगावरून खुर्चीवर घ्यायचंय. या, धरा."

महांतेश दारात येऊन उभे होते. त्यांच्यादेखत नाही कसं म्हणणार? किरणकुमारने बाह्या सरसावल्या, काखेत हात घातले, जोर केला. कृष्णाजी बोटभर हलले. परत जोर केला, तसे ते त्याच्या हातातून निसटायला लागले. "अय्यो, धरा, धरा!" सल्ले द्यायला छाती पुढे, आणि भावाचं वजन अंगावर आलं तर दुसऱ्यांना हाका! महांतेशांनी बॅग टाकली आणि धावत येऊन पाय धरले. पद्मावतीने डावा पाय माझ्या चाकामागे लावला आणि म्हणाली, "हं, आता." कृष्णाजी माझ्यावर आले.

महांतेश कपाळाचा घाम पुसत तिच्याकडे बघत राहिले. "अक्का, हे तुम्ही रोज एकट्या करता? मागच्या वेळी काहीच बोलला नाहीत. त्रास होत नाही तुम्हांला?"

तिने तोंड उघडलं. आणि मित्रांनो, सवय बघा मेली! "नाही, तसं काही..." एवढं तिच्या तोंडून गेलंच.

"होतो," कृष्णाजी म्हणाले. माझ्यावर बसून, मोठ्याने. "लिहा साहेब, होतो. माझ्यामुळे होतो. तिला सांगता येत नाही, तिला कुणी शिकवलंच नाही. मी नवरा आहे तिचा, मी सांगतोय. मला एकट्याने पाणीसुद्धा पिता येत नाही, आणि तिची पाठ मोडली आहे. दोन्ही लिहा."

कृष्णाजी मान ताठ ठेवून बसले होते. माझ्या जाळीवर त्यांनी सगळा भार टाकला होता. मी त्यांना घट्ट धरून ठेवलं.

पेन्शन चालू राहिली. भत्ताही सुरू झाला, जरा रेंगाळत, पण झाला. पेठेत किरणकुमार आता सांगत असतो म्हणे, "मीच सगळं करून दिलं वहिनीला." सांगू दे. तो अजून रविवारी येतो, पण माझ्या पाठीवर कोपर टेकत नाही.

मल्लाप्पा आता सकाळी येतो. पहिल्या दिवशी त्याने कृष्णाजींना व्यवस्थित उचलून पलंगाच्या कडेला बसवलं आणि अंग पुसायला घेतलं. पद्मावती पट्टी बांधून तयार होती. करायला काहीच नव्हतं. ती इकडे गेली, तिकडे गेली, पातेलं उचलून परत तिथेच ठेवलं. कृष्णाजी पलंगावरून म्हणाले, "पद्मा, बस की गं."

ती माझ्यावर बसली. मला ढकलून ढकलून तिच्या हाताला घट्टे पडले होते, पण बसली ती त्या दिवशी पहिल्यांदा. आधी अगदी कडेला, परक्याच्या घरी बसावं तशी. मग मागे रेलली आणि डोळे मिटले. किती हलकी होती ती! ह्या एवढ्याशा अंगाने आजवर ते सगळं उचललं होतं.

माझा एक हात आता तुटलाय, चाकाला गंज चढलाय. माझी काळजी घ्या म्हणून मी तुमच्या विनवण्या करणार नाही. मी वस्तू आहे, मी भंगारात जाईन, माझं काय एवढं? पण तुमच्या घरातही कुणीतरी "मला काही त्रास नाही" म्हणत असेल. आणि तुम्ही हे नक्की बसूनच वाचत असाल. मग उठा आता, आणि तिला बसू द्या.